आपणां सर्वांचे कुशल असेलच

त्या टिंबावरून मी त्याला ओळखलं. नाव मेलच्या तळाशी होतं आणि तिथपर्यंत मी अजून पोचलेही नव्हते. पहिलीच ओळ होती, 'सप्रेम नमस्कार, आपणां सर्वांचे कुशल असेलच,' आणि त्या 'आपणां'तल्या णा-च्या डोक्यावर एक टिंब होतं. ते टिंब आता कुणी देत नाही. बोलताना ते ऐकू येत नाही, लिहिताना कुणाला आठवत नाही, आणि नाही दिलं तरी कुणाचं काही अडत नाही. ते न चुकता देणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो मेला असेल असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी त्याला बऱ्याचदा मारलं होतं. कधी जिन्यावरून पाडून, कधी साध्या तापानं, आणि एकदा तर आंघोळ करता करता साबणावरून घसरवून. इतक्या वेळा मेलेला माणूस सकाळी सकाळी कुशल विचारत समोर उभा राहिला, तर हातातला चहा हातातच गार होतो. माझा झाला. कानाच्या पाळ्या तापल्या, आणि पोटात, बेंबीच्या जरा वर, काहीतरी गोड गोड हललं. ती भीती नव्हती. भूक लागते तसं होतं ते.

आमची कंपनी जिन्याच्या खुर्च्या बनवते. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी जिन्याच्या कडेनं रूळ बसवायचा, रुळावर खुर्ची. बटण दाबलं की खुर्ची माणसाला घेऊन हळूहळू वर जाते, पुन्हा दाबलं की खाली येते. पुढच्या हॉलमध्ये गिऱ्हाइकांना दाखवायला एक लाकडी जिना उभा केलाय. तो कुठंच जात नाही. थोड्या पायऱ्या, आणि मग भिंत. दिवसभर कुणी ना कुणी त्या खुर्चीत बसून भिंतीपर्यंत जातं, नाक लागायच्या आत थांबतं आणि हसत खाली येतं. त्या जिन्याच्या पोटाखाली, जिथं एरवी लोक झाडू आणि रद्दी ठेवतात, तिथं माझं टेबल आहे. डोक्यावरून खुर्ची गेली की टेबलावरचा चमचा बशीत बारीक वाजतो. माझं काम उत्तरं लिहायचं. तक्रार येवो, चौकशी येवो, आभार येवोत, प्रत्येकाला 'ग्राहक विभाग' अशा सहीनं उत्तर जातं, आणि विभाग म्हणजे मी एकटी. आमचा मापवाला, म्हणजे घरोघरी जाऊन जिने मोजणारा माणूस, मला म्हणतो, बाई, तुमच्या उत्तरांना साखर लावलेली असते, लोक खुर्ची विसरून उत्तरच चाटत बसतात. घरी माझा नवरा त्याहून वाईट. मी चिडले की तो शांतपणे म्हणतो, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे," आणि चहा ठेवायला उठतो.

ही साखर मी चालीवर शिकले. माझी आत्या साधं बोलायचीच नाही, सगळं गाण्यात घालायची. केस विंचरताना, कपडे वाळत घालताना, कुणाला शिव्या घालायच्या असल्या तरी आधी चाल लावून घ्यायची. तिच्याच चालीवर मी माझं पत्र बसवलं. पहिली ओळ नमस्काराची, दार उघडून आत घ्यायची. दुसरी ओळ आभाराची, बसायला पाट द्यायची. तिसऱ्या ओळीत काम बोलावं, बोलावं थोडं, राहू द्यावं थोडं. चौथीत हळूच मागं सरावं, सरता सरता कवाड लोटावं. बोटं आपोआप चालतात. या चालीवर मी रडणाऱ्यांना उत्तरं दिलीत, धमक्या देणाऱ्यांना दिलीत, खुर्ची बसायच्या आधी ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही दिलीत. चाल कधी मोडली नाही. मोडणार कशी? ती ज्या जागी मोडली होती तिथं मी इतकं घट्ट शिवलंय, की तिथं कापड उरलेलंच नाही, नुसता दोराच आहे.

तो विमा कंपनीतला माझा साहेब होता. त्याच्या पाठीमागं सगळे त्याला कानामात्रासाहेब म्हणायचे, कारण कागद हातात आला की तो मजकूर नंतर वाचायचा, काने आणि मात्रा आधी. मनात मी त्याला 'तो' म्हणते. तोंडानं अजून 'साहेब'च येतं. ऑफिसात मेल नवीन आले होते, आणि लोकांनी यंत्र आलं म्हणून रीत सोडू नये याची त्याला फार काळजी. रोज सकाळी हॉलच्या मधोमध उभा राहून तो सांगायचा. आलेल्या पत्राचं उत्तर त्याच दिवशी जायला हवं. आलेल्या नमस्कारापेक्षा आपला नमस्कार बोटभर जास्त वाकलेला हवा. आभाराच्या पत्रालाही उत्तर द्यायचं, कारण आभाराला उत्तर न देणं म्हणजे हात पुढे केलेल्या माणसाकडे पाठ करणं. आम्ही मान डोलवायचो. मी सगळ्यांत मागच्या टेबलावर, नवी, बोटांना यंत्राची सवय नसलेली, पोच द्यायच्या कामावर. कुणाचे कागद आले की 'आपले कागद मिळाले' असं कळवायचं, त्याला आम्ही पोच म्हणायचो. दिवसभर मी पोच द्यायची. आणि एका माणसाचं फार चांगलं पत्र आलं होतं. कुणी वयस्कर गृहस्थ असावेत. कामाचं सगळं लिहून झाल्यावर शेवटी त्यांनी लिहिलं होतं, आपल्या घरी सर्व क्षेम असेल अशी आशा करतो.

त्या आठवड्यात माझा भाऊ घरातून निघून गेला होता. भांडण नाही, चिठ्ठी नाही. त्याची चप्पल दारात नव्हती, एवढंच. आई त्याचं ताट वाढून समोर बसायची आणि ते ताट उचलू द्यायची नाही. मी सकाळी उठून, ते ताट ओलांडून ऑफिसला यायची. आणि कुणीही, शेजारच्यांनीही, मला विचारलं नव्हतं. त्या अनोळखी माणसानं विचारलं. मला ते वाक्य पत्राच्या शेवटचं वाक्य वाटलं नाही. मला वाटलं, विचारलंय. म्हणून मी उत्तर दिलं. 'आपले कागद मिळाले. घरी क्षेम नाही. भाऊ निघून गेला आहे व आई जेवत नाही. पावती जोडली आहे.' पाठवलं, आणि मला फार बरं वाटलं, खिडकी उघडल्यासारखं. अजून तो बरेपणा आठवतो. बोटांच्या टोकांना तो अजून लागलेला आहे.

गेलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत त्याच्याकडे जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या जागी उभं राहून त्यानं ते मोठ्यानं वाचलं. आवाज चढवून नाही. शाळेत शुद्धलेखन घालतात तसं, शब्दाशब्दाला थांबत, 'भाऊ' म्हटल्यावर थांबून, 'जेवत नाही' म्हटल्यावर थांबून. मग चष्मा काढला आणि म्हणाला, "क्षेम विचारल्यावर क्षेम सांगायचं नसतं, बाई. हिला पोच द्यायला बसवली, आणि हिलाच पोच नाही." हॉल हसला. विनोद चांगला होता, हेच तर दुखणं. पोच नाही, म्हणजे कुठं काय बोलावं याची अक्कल नाही; आणि काम कसलं, तर पोच द्यायचं. इतका नेमका बसला होता शब्द, की माझ्याही ओठाचा एक कोपरा हसायला निघाला होता. तो ओठाचा कोपरा मी त्याला कधी माफ केला नाही. हसणाऱ्यांना मी विसरले, त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी आता नुसती गोल भोकं आहेत. पण माझं स्वतःचं तोंड त्यानं माझ्याविरुद्ध उघडायला लावलं होतं. त्या दिवसापासून मी पोचबाई झाले. येता-जाता कुणीतरी विचारायचं, काय पोचबाई, भाऊ पोचला का? मी हसून 'नाही अजून' म्हणायची. हसायला शिकले, वाकायला शिकले, बोटभर जास्त कसं वाकायचं ते तर इतकं शिकले की शिकवणाऱ्यानं लाजावं. भाऊ आला पुढं, फार पुढं, केस पिकवून. आईनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, आपण कोण. हे मात्र मी कुणालाही लिहून कळवलं नाही.

आणि आता तो लिहीत होता की पत्नीचा पाय मोडून बरा झाला आहे, परंतु जिना उतरण्याची तिला धास्ती वाटते. ती माडीवरच्या खोलीत राहते. आपल्या जिन्याच्या खुर्चीविषयी ऐकून आहे. तरी आपला माणूस मापे घेण्यास कधी येऊ शकेल हे कृपया कळवावे. खाली नाव, खाली पत्ता, सगळं जागच्या जागी. मी मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्याला कल्पना नव्हती. त्याच्यासाठी मी एक विभाग होते. मापवाला शेजारीच पेन्सिलीला टोक करत उभा होता, आणि त्याला नुसतं 'हा पत्ता घे' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत जिना मोजून आला असता. मी पाटी फिरवावी तशी स्क्रीन जराशी वळवली आणि उत्तर लिहायला घेतलं. सप्रेम नमस्कार. आपल्या अत्यंत सौजन्यपूर्ण पत्राबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. आपल्या पत्नीच्या प्रकृतीस लवकर आराम पडो. आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवत आहोत. मग मी ती स्वतःकडे पाठवली. ती माझ्याचकडे आली, आणि मी ती ठेवून दिली.

तासाभरात त्याचं उत्तर आलं. येणारच होतं. आभाराला उत्तर द्यायचं असतं. त्यानं आमच्या तत्परतेबद्दल आभार मानले होते. मी त्याच्या आभारांबद्दल आभार मानले, आणि सोबत विचारलं, पायऱ्यांची रुंदी आपण कळवू शकाल का, म्हणजे पुढील कार्यवाही सुलभ होईल. त्यानं मोजून कळवली. मी आभार मानले आणि उंची विचारली. उंची आली. मग कठडा डावीकडे की उजवीकडे, चढताना की उतरताना. मग जिन्यावर उजेड पुरेसा आहे का. प्रत्येक वेळी तो खाली वाकून, पट्टी धरून, काहीतरी मोजत असणार. मला ते दिसायचं. गुडघ्यावर हात ठेवून उठणारा म्हातारा, डोळ्यावर सरकलेला चष्मा. उत्तर लिहिताना त्याचं ते वाकणं मी माझ्या वाक्यांत मोजून घालायची. तो एकदाही चिडला नाही. त्याला चिडायचं होतं, हे मला तिसऱ्या-चौथ्या पत्रापासून दिसत होतं. 'कृपया'च्या जागी 'कृपा करून' आलं, मग 'शक्य तितक्या लवकर' आलं, मग ते पुढच्या पत्रात पुन्हा पुसलं गेलं. पण मी इतकी गोड लिहीत होते की त्याला चिडायला जागाच सापडत नव्हती. चांगल्या बोलण्याला वाईट उत्तर देणं त्याच्या रीतीत नव्हतं, आणि ती रीतच त्याचा तुरुंग होती. मी रोज सकाळी येऊन त्याला खिडकीतून भाकर द्यायची. मला एकच हवं होतं, त्यानं एक वाक्य वाकडं लिहावं. एक. मग मी ते हॉलच्या मधोमध उभी राहून वाचणार होते, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकासकट सगळ्यांना, आणि शब्दाशब्दाला थांबणार होते.

त्या दिवसांत मी घरी गुणगुणत जायची. नवरा म्हणाला, पगार वाढला की काय. नाही म्हटलं, एक जुनी ओळख निघालीय. कोण ते विचारलं तर सांगता आलं नसतं. त्याला मी विमा कंपनीतली नोकरी सांगितली होती, पोचबाई सांगितली नव्हती. लग्नाच्या माणसाला अंगावरचे सगळे डाग दिसतात, हा एक मी कपड्याच्या आतल्या बाजूनं शिवून टाकला होता. रात्री तो घोरत असताना मी मनात पुढचं पत्र बांधायची, आत्याच्या चालीवर. नमस्काराचा घातला मांडव, आभाराचं लावलं तोरण, आत या साहेब, बसा साहेब, उठायचं नाही आता मरोस्तोवर. आत्याला आवडलं असतं.

मग एका पत्रात त्यानं लिहिलं, की आजच्या काळात अशी पत्रे दुर्मिळ झाली आहेत. आपल्या विभागात जी कोणी व्यक्ती ही उत्तरे लिहिते, तिच्या ठायी जी पोच आहे, ती आमच्या काळी आम्ही लोकांना शिकवून दमलो तरी अंगी बाणत नसे. मी ते वाचलं आणि उठून उभी राहिले. डोकं जिन्याच्या लाकडाला आपटलं. वर खुर्चीत बसलेल्या बाई म्हणाल्या, अगं बाई, काय मोडलं? काही नाही मोडलं. मी तशीच डोकं धरून खाली बसले. वाटलं होतं, हा शब्द त्याच्या तोंडून आला की आत काहीतरी सुटेल. उलट आवळलं. कारण शब्द मला मिळाला नव्हता, विभागाला मिळाला होता. ज्या पोरीकडून त्यानं तो हिसकावून घेतला होता, तिच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. ती अजून मागच्या टेबलावर, ओठाचा कोपरा आवरत बसली होती. आणि माझा सूडही तसाच होता की. त्याला कळतच नव्हतं की हा सूड आहे. त्याला वाटत होतं, हे सौजन्य आहे.

फोन त्यानंतर आला. विभागाला फोन क्वचित येतात. पलीकडे एक बाई होत्या, आवाज म्हातारा पण धारेचा. म्हणाल्या, गोड लिहिणारा विभाग तो हाच का? मी सवयीनं सुरुवात केली, आपल्या फोनबद्दल आभारी आहोत. त्या हसल्या. त्याच्या बायको होत्या त्या. हळू बोलत होत्या, दार लावून बोलावं तसं. म्हणाल्या, तुमचं प्रत्येक पत्र हे मला वाचून दाखवतात, वर येऊन, जिना चढून; कालचं वाचताना यांना इतकी धाप लागली की अर्धं वाचून पलंगावर बसले. मग विचारलं, लिहिणारी बाईच आहे ना? मी हो म्हटलं. "म्हटलंच मी," त्या म्हणाल्या. "इतकं गोड चिडायला बाईच लागते."

मी म्हणाले, मॅडम, काहीतरी गैरसमज होतोय, आपली विनंती आमच्याकडे... "ते राहू दे गं," त्या म्हणाल्या, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला कळलंही नाही. "मला ओळखू येतं. मी जन्मभर त्यांना असंच उत्तर दिलंय. बरं. हो का. तुम्ही म्हणाल तसं. त्यांना वाटलं, बायको किती गुणाची. तुझं त्यांच्याशी काय वाकडं आहे ते मी विचारत नाही. माझा पाय चांगला बरा झालाय. मी इथं खोलीत दार लावून फेऱ्या मारते. पण चहा वर येतो, पाणी वर येतं, पेपर वर येतो. दारात उभे राहून विचारतात, ठेवू का. आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. तेव्हा खुर्चीची घाई करू नकोस, एवढंच सांगायला फोन केला. असंच लिहीत राहा. छान लिहितेस."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, साहेब घरी ऑफिसातलं कधी काही सांगायचे का. कुणाविषयी. एखादी मुलगी, एखादं पत्र, चुकलेलं. माझा आवाज मलाच लहान ऐकू आला. "कसलं सांगतात," त्या म्हणाल्या. "घरी आले की तोंडाला कुलूप. त्यांच्या ऑफिसातलं एक नाव मला माहीत नाही." आणि खालून कुणीतरी हाक मारली असावी, कारण त्यांनी एकदम आवाज बदलला, दुखऱ्या पायाचा केला, 'काय हो' म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर खाली ठेवला. डोक्यावरून खुर्ची गेली, आली, पुन्हा गेली. इतकी वर्षं मी समजत होते की ती सकाळ जगात कुठंतरी दोन ठिकाणी ठेवलेली आहे, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. त्याच्याकडची त्यानं जपली असेल असं नाही, पण असेल, अडगळीत, कुठंतरी. ती नव्हतीच. त्यानं ती संध्याकाळी घरापर्यंतसुद्धा नेली नव्हती, वाटेत थुंकून टाकली होती. आणि जो सूड मी रोज आंजारून गोंजारून मोठा केला, तो कुणाच्या घरी राबत होता? तिच्या. माझं रान, आणि चरत होती तिची गुरं. मी लिहायचं, त्यानं धापा टाकत चढायचं, आणि तिनं वर पाय पसरून ऐकायचं. मी त्या बाईची नोकर झाले होते, आणि तिनं मला शाबासकीही दिली होती. छान लिहितेस. राग इतका आला की तो कुणाचा आहे ते कळेना. त्याचा, तिचा, की ज्या कुणी 'लिहीत राहा' म्हटलं त्या सगळ्यांचा. एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. मी त्या दोघांमधला जिना झाले होते, आणि जिना मला मोडता येत होता.

मी मापवाल्याला पत्ता दिला. तो म्हणाला, बाई, एवढी घाई? तुमच्या हातून पहिल्यांदाच असं झटपट निघालं. मी म्हटलं, मापं आलेलीच आहेत, ताडून घ्या आणि बसवा, त्यांना फार दिवस थांबायला लावलंय. आठवड्याच्या आत रूळ लागला, खुर्ची लागली. मापवाला बसवून आला तो हसतच. सांगू लागला, म्हातारा खाली हात जोडून उभा, म्हातारीला खुर्चीत बसवली, बटण दाबलं, आणि ती खाली येताना तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही, पोलीस धरून आणतात तशी आली. खाली आल्यावर म्हाताऱ्यानं समोर खुर्ची ओढली आणि म्हणाला, आता दिवसभर गप्पा. तिनं माझ्याकडे असं बघितलं, बाई, की मी चहा न घेताच निघालो. मग म्हणाला, त्यांनी तुमचं नाव विचारलं. मी सांगितलं त्यांना, नावबिव नाही, विभाग आहे.

आभाराचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. इतकं सुंदर पत्र मी त्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पत्नी आता दिवसभर खालीच असते, आम्ही समोरासमोर बसतो, आपल्या विभागामुळे एका वृद्ध दांपत्याला, आणि पुढे बरंच. मी ते दोनदा वाचलं. बोटं आपोआप कीबोर्डवर गेली, पहिल्या ओळीसाठी. मी ती उचलून मांडीवर ठेवली. काम संपलं होतं, कंपनीच्या लेखी उत्तराची गरज नव्हती. हात पुढे केलेला होता. मी त्या हाताकडे बघत बसले आणि मग दुसरा मेल उघडला, कुणाच्या तरी खुर्चीचा पट्टा उसवला होता.

दोन-तीन दिवसांनी त्यानं विचारलं, माझे पत्र मिळाले असेलच. मग विचारलं, यंत्रात काही बिघाड होऊन पत्र गहाळ तर झाले नाही ना, म्हणून प्रत पुन्हा पाठवत आहे. मग लिहिलं, माझ्या पत्रात अनवधानाने काही प्रमाद घडला असल्यास कळवावे, दुरुस्ती करीन. तो त्या पत्रात चूक शोधत असणार. ओळ ओळ, काना काना, मात्रा मात्रा. समोर ती बसलेली, 'हो का' म्हणत. मी काही कळवलं नाही. मापवाला म्हणाला, ते हात जोडणारे आजोबा काल माझ्याच फोनवर विचारत होते, विभागात कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, सांगा, सगळे ठणठणीत आहेत.

शेवटचा मेल आला तेव्हा हॉलमध्ये कुणी नव्हतं. नमस्कार नव्हता. कुशल नव्हतं, कृपया नव्हतं, नाव नव्हतं. बोलतो तसं लिहिलेलं एकच वाक्य होतं. 'माझं काही चुकलं का?'

हेच वाक्य मला हवं होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडी घातलेल्या सगळ्या वाक्यांमध्ये हे पहिलं होतं, आणि याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी आलं असतं. मी लिहायला घेतलं. हो, लिहिलं. खाली माझं नाव लिहिलं, लग्नाआधीचं, विमा कंपनीतलं. भावाचं लिहिलं, ताटाचं लिहिलं, ओठाच्या कोपऱ्याचंसुद्धा लिहिलं. नीट वाचलं. आणि पाठवायच्या आधी मला पुढचं सगळं दिसलं. तो ते वाचेल. त्याला आठवेल किंवा नाही आठवणार, त्यानं काही बिघडत नाही. त्याच दिवशी त्याचं उत्तर येईल, माफीचं, बोटभर जास्त वाकलेलं, एक कानामात्रा न चुकलेलं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारं पत्र. ते त्याला लिहिता येतं. आणि मग पाळी माझी. माफीच्या पत्राला एकच उत्तर असतं, कितीही फिरवून लिहिलं तरी एकच. ते माझ्या बोटांनी लिहिलंच असतं, माझं काही चाललं नसतं, इतकी ती त्याची आहेत. तो माफी मागून उठला असता, पत्नीसमोर बसून हातपाय धुतल्यासारखा जेवला असता.

मी लिहिलेलं सगळं पुसलं. त्याच्या मेलवर बोट ठेवलं आणि तो पुन्हा 'न वाचलेला' करून टाकला. त्याची अक्षरं एकदम ठळक झाली, आत्ताच आल्यासारखी.

तेव्हापासून तो तसाच आहे. रोज नवे मेल येतात आणि त्याच्यावर साचतात; उसवलेले पट्टे, अडकलेली बटणं, कुणाकुणाचे आभार. मी सगळ्यांना उत्तरं देते. मग चहा घेते, आणि ओळी खाली खाली सरकवत त्याला शोधते. रोज त्याच्यापर्यंत थोडं जास्त उतरावं लागतं. काळा, ठळक, तो तिथं उभा असतो आणि विचारत असतो. मी त्याच्याकडे बघते, पुरेसं बघून झालं की पुन्हा वर येते.